बरणीची सहल

थोरला कोइची तोगाशी ऑगस्टात गेला, त्या वर्षाच्या अखेरची ही गोष्ट. आमच्या बर्फाच्या मुलखात पुरुष मरतात ते जानेवारीत, छपरावरचा बर्फ ओढताना घसरून. त्यात थोडी शान असते, गाव नाव काढतं. कोइची मात्र भर उन्हाळ्यात, टीव्हीवर शाळकरी पोरांचा बेसबॉल बघत, हातात कलिंगडाची फोड धरून गेला. त्याची बायको नोबुए हिने स्वयंपाकघरातून दोनदा विचारलं, “मीठ लागेल का वर?” तो बोलला नाही. तो तसाही फारसा बोलत नसे, म्हणून तिने चिडून मीठ फळीवर परत ठेवलं. सामना संपला. जिंकलेली पोरं रडली, हरलेलीही रडली, आणि आपलाच माणूस एवढा शांत कसा म्हणून ती बघायला आली, तेव्हा कळलं.

घरात माणूस गेला की त्या वर्षी नवं वर्ष करायचं नाही. दारावर पाइनची डहाळी लावायची नाही, कुणाला शुभेच्छा द्यायच्या नाहीत, लाल-पांढरं मंगल काही खायचं नाही. मग घरात बसून एकमेकांची तोंडं बघण्यापेक्षा बरीच घरं गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊन बसतात. दुखवटाही पाळला जातो आणि भांडीही घासावी लागत नाहीत.

हा बेत हिसाकोचा. ती भावंडांत सर्वांत मोठी, सहासष्ट वर्षांची, सेंदाईला राहणारी. तिचा नवरा तोगाशींकडच्या कुठल्याही कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आजारी पडतो, त्यामुळे ती एकटीच आली. धाकटा भाऊ शिगेओ सायतामाहून आला, तोही एकटाच. बायकोपोरांना त्याने सासरी पाठवलं होतं, किंवा त्यांनी त्याला इकडे पाठवलं होतं. घरात नोबुए होती, तिची अठ्ठावीस वर्षांची मुलगी चिनात्सु तोक्योहून सुटीला आली होती, आणि सत्त्याऐंशी वर्षांची किनुआजी होती. किनुआजीने एकच अट घातली.

“बरणी येणार असेल तर मी येईन.”

तोगाशींच्या घरात ही बरणी म्हणजे आणखी एक सासू. तपकिरी, बुटकी, पोट सुटलेली. आत मीठ घालून आंबवलेला तांदळाचा कोंडा. त्यात काकडी, मुळा, वांगं पुरायचं आणि दुसऱ्या दिवशी काढून धुऊन कापून खायचं. कोंडा रोज हाताने तळापासून ढवळावा लागतो, नाहीतर रुसतो. आणि घरात ढवळणारा हात एकच. दुसऱ्याचा हात लागला तर चव बदलते, असं आमच्याकडे मानतात. किनुआजीला ही बरणी तिच्या सासूने मरताना दिली. तेव्हापासून साठ वर्षांवर तिने एक रात्र बाहेर काढली नव्हती, बाळंतपणं सोडून. आणि नोबुएने बत्तीस वर्षांत त्या बरणीवरची धूळ पुसली, पण झाकण कधी उघडलं नाही.

“आई, या थंडीत कोंडा काय करणार आहे?” हिसाको म्हणाली. “झोपेल. हिवाळ्यात आठवडाभर नाही ढवळला तरी चालतो. टीव्हीवर सांगितलंय.”

“टीव्हीवाल्याने किती वर्षं ढवळलाय?”

“तो प्राध्यापक आहे, आई.”

“मग त्याची बायको ढवळत असेल. तिला विचार.”

शेवटी कोइचीच्या रॉकेल पोचवायच्या गाडीत मधल्या सीटवर किनुआजी बसली, तिच्या शेजारी बरणी, आणि शिगेओने दोघींना पट्टे बांधले. बरणीचा आधी.

*

गाडीत रॉकेलचा वास होता, कोंड्याचा होता, आणि हिसाकोच्या अत्तराचा होता. शिगेओने काच खाली केली की बर्फ आत यायचा, वर केली की डोकं दुखायचं. दोन डोंगरांच्या मधल्या थांब्यावर त्याने गाडी लावली आणि कॉफीच्या यंत्रापाशी जाऊन गरम डबा दोन्ही हातांत धरून उभा राहिला. हिसाको मागून आलीच.

“ऐक. उद्या सकाळी कोइचीच्या फोटोसमोर आई बरणी नोबुएच्या हातात देणार. मी आईशी बोललेय.”

“आई काय म्हणाली?”

“‘हं’ म्हणाली.”

“आईच्या ‘हं’चा काय भरवसा? बाबांनी खालचं शेत विकलं तेव्हाही ती ‘हं’च म्हणाली होती. नंतर दोन वर्षं बाबांशी बोलली नाही.”

“शिगे, बरणी घेतलेली बाई या घरातून हलत नाही. आजी नाही हलली, आई नाही हलली. नोबुए सत्तावन्नची आहे, हातीपायी धड आहे. नवरा गेला, पोरगी तोक्योला. उद्या म्हणाली मी चालले, तर? आई कुणाकडे?”

शिगेओने कॉफीचा घोट घेतला. त्याला हा प्रश्न आवडला नाही.

“तुझ्याकडे चार खोल्या आहेत, ताई.”

“तुझ्याकडे अंगण आहे.”

“आईला अंगणात ठेवू?”

“माझ्या नवऱ्याची तब्येत तुला माहीत आहे.”

“माहीत आहे. उत्तम आहे.”

मग शिगेओ म्हणाला, “बरं. उद्या सकाळी. मी काय करायचं?”

“काही नाही. डोळे पुस.”

यंत्राच्या पलीकडच्या बाजूला चिनात्सु मक्याच्या सूपचा डबा हलवत उभी होती. डब्यात तळाशी बसलेले दाणे वर यावेत म्हणून तो जोरात हलवावा लागतो. ती हलवायची थांबली होती.

*

हॉटेल जुनं, लाकडी, डोंगराच्या कुशीत. झऱ्याच्या पाण्यात गंधक, त्यामुळे दारापासून संडासापर्यंत सगळीकडे नासक्या अंड्यांचा वास. तिथे येणारे लोक तो छाती भरून घेतात आणि तब्येतीला चांगला म्हणतात. मालकीणबाई जमिनीला कपाळ टेकवून म्हणाल्या, “यंदाही आपली कृपा…” आणि मग त्यांना आठवलं की या लोकांकडे दुखवटा आहे. त्या वाक्याच्या मध्येच थांबल्या आणि तशाच वाकून राहिल्या.

“उठा हो,” किनुआजी म्हणाली. “मेलेला आमचा आहे, तुम्ही का कंबर मोडून घेताय?”

खोली मोठी होती. मधोमध कोतात्सु, म्हणजे जाड रजई पांघरलेलं बैठं टेबल, आणि त्याच्या पोटात विजेची शेगडी. सगळ्यांनी आल्या आल्या पाय आत घातले. हिसाकोने भिंतीतल्या कोनाड्यात कोइचीचा फोटो मांडला. फोटो मासेमारीच्या सहलीतला होता, शेजारच्या माणसाला कापून काढलेला. कोइचीच्या खांद्यावर त्या माणसाची बोटं तेवढी राहिली होती. फोटोपुढे तिने साके या तांदळाच्या दारूची वाटी ठेवली. सगळे कपडे बदलेपर्यंत वाटी रिकामी झाली.

“शिगे!”

“दादाने सांगितलं, घे.”

“आंघोळीला चला,” हिसाको म्हणाली. “आई, ऊठ.”

“माझे गुडघे नको म्हणतायत. तुम्ही जा. मी बरणी लावते कुठेतरी.”

“मी ठेवते ना, आई,” नोबुए म्हणाली.

“तू हात लावू नकोस,” किनुआजी म्हणाली. नोबुएने हात मागे घेतला. बत्तीस वर्षांची सवय होती. हात आपोआप मागे गेला.

बायकांच्या बाजूचं उघड्यावरचं कुंड रिकामं होतं. हिसाको आतच अंग घासत बसली होती, ती कुठलंही काम अर्ध्या तासाच्या आत उरकत नाही. नोबुए आणि चिनात्सु गळ्यापर्यंत दुधाळ पाण्यात, डोक्यावर घडी घातलेले पंचे, पंच्यांवर बर्फ पडतोय.

“आई, उद्या तुझ्या गळ्यात बरणी बांधणार आहेत.” चिनात्सुने थांब्यावर ऐकलेलं सगळं सांगितलं, अंगणासकट.

नोबुए हसली, मग हसू थांबलं.

“तू आजीला अजून सांगितलं नाहीस?”

“काय सांगू? तुमचा मुलगा गेला, आता मीही जाते?”

“साकाताला जातेस. चंद्रावर नाही. एप्रिलपासून कामाला येते असं मैत्रिणीला सांगून झालंय ना?”

साकाता बंदरावर नोबुएची शाळेतली मैत्रीण खानावळ चालवायची. पहाटे मच्छीमारांना भात, सूप आणि भाजलेला मासा. तिला स्वयंपाकाला बाई हवी होती, वर एक खोली होती, आणि खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसत होता. नोबुए नोव्हेंबरात खोटं बोलून जाऊन बघून आली होती. दाताच्या डॉक्टरकडे जाते असं सांगितलं होतं. परत आली तर किनुआजीने विचारलं, “कुठला दात?” तिने घाईत सांगितलेल्या दाताच्या जागी दात नव्हताच.

“सांग ना. आज सांग.”

“कोंडा हातात दिला तर नाही म्हणता येत नाही, चिनात्सु. फोटोसमोर तर नाहीच. मरेपर्यंत ढवळावं लागतं.”

“तुला ते लोणचं आवडतं तरी का?”

नोबुएने आजूबाजूला बघितलं. बर्फाशिवाय कोणी नव्हतं.

“अजिबात नाही,” ती म्हणाली.

*

जेवण खोलीतच आलं. हिसाकोने आधीच फोन करून मंगल पदार्थ बंद केले होते. झिंगा दीर्घायुष्याचा म्हणून बंद, लाल-पांढऱ्या माशाच्या वड्या बंद. पलीकडच्या खोलीतून झिंग्याचा वास येत होता.

“भाऊ माझाही होता,” शिगेओ म्हणाला. “पण झिंग्याने काय बिघडवलंय?”

“एक वर्ष नाही खाल्लास तर मरणार नाहीस.”

“दादा रोज खायचा नाही. मेला.”

“शिगेओ!”

किनुआजी नूडल्स ओढत होती. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी लांब नूडल्स खायच्या, एवढं दुखवट्यातही चालतं. तिने मोठा आवाज करत वाटी संपवली. मग हिसाकोने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि उद्याचा कार्यक्रम जाहीर केला. सकाळी न्याहारीआधी, फोटोसमोर, बरणी. “घराची परंपरा,” ती म्हणाली. “कोइचीच्या आत्म्याला बरं वाटेल. हो ना, आई?”

“हं,” किनुआजी म्हणाली.

“नोबुए?”

नोबुएने चिनात्सुकडे बघितलं. चिनात्सुने टेबलाखालून तिला पाय मारला. पाय शिगेओला लागला.

“आई गं!” शिगेओ ओरडला, आणि तो क्षण गेला. नोबुए फक्त म्हणाली, “चहा आणते.”

हिसाकोने आता नाक मुरडलं. “इथे कसला वास येतोय?”

“गंधक,” शिगेओ म्हणाला.

“गंधक अंड्यासारखा येतो. हा तसला नाही. हा…” तिने रजईची कड उचलून नाक खाली नेलं आणि झटकन वर घेतलं. “शिगे, तू मोजे कधीचे घातलेत?”

“आज सकाळचे आहेत!”

“कुठल्या सकाळचे?”

“रित्सुको वहिनी उगाच माहेरी गेली नाही,” चिनात्सु म्हणाली.

“काकी म्हण तिला, आणि ती पाहुणी म्हणून गेलीये!” शिगेओचे कान लाल झाले. तो अठ्ठावन्न वर्षांचा होता, एका कारखान्यात सत्तर माणसांचा साहेब होता, आणि इथे येऊन दोन तासांत पुन्हा शाळेतला शिगे झाला होता. त्याने मोजे काढले, स्वतः वास घेतला, शंका आली, आणि तो ते न्हाणीघरात धुऊन आला. तरी वास होताच. तेव्हा सगळ्यांनी त्याला पाय धुवायला पाठवलं. तो दुसऱ्यांदा परत आला तेव्हा त्याची जागा खिडकीपाशी, रजईच्या बाहेर मांडलेली होती.

“गुडघ्यांना ऊब नाही मिळाली तर मला संधिवात होईल,” तो म्हणाला.

“पाय बाहेर, संधिवात आत,” किनुआजी म्हणाली आणि चहा मागितला. तिला त्या संध्याकाळी फार भूक होती. शिगेओच्या वाटणीचा मुळाही तिनेच खाल्ला.

*

पहिल्या तारखेला सकाळी हिसाको सगळ्यांच्या आधी उठून तयार झाली. काळा स्वेटर, मोत्यांची माळ, जी ती फक्त मयताला घालते. तिच्या मनात सगळं जुळलेलं होतं. तीही या घरची मोठी मुलगी. लहानपणी तिने आईला एकदा विचारलं होतं, बरणी मला देशील? आई म्हणाली होती, तू लग्न होऊन जाणार, तुला कशाला. तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन रडली होती. आता ती सोहळा करत होती, आणि सोहळ्यात तिचा वाटा फक्त ‘इकडे बसा, तिकडे बसा’ एवढाच होता. पण तोही तिला पुरेसा वाटत होता.

“शिगे, इथे. चिनात्सु, आईच्या मागे. नोबुए, फोटोसमोर. आई, बरणी कुठाय?”

किनुआजी गादीवर बसून केस विंचरत होती. “उबेला ठेवलीय.”

“कुठे उबेला?”

आजीने कंगव्याने दाखवलं.

शिगेओ उठला. त्याने कोतात्सूची रजई एका बाजूने वर केली, आणि बाहेर जे आलं त्याला वास म्हणणं कमी पडेल. ते उठून उभं राहिलं. आत, शेगडीच्या अगदी खाली, किनुआजीच्या पायांच्या बाजूला, बरणी होती. झाकण बाजूला सरकलेलं, कोंडा फुगून तोंडाबाहेर आलेला, वर बुडबुडे. एक बुडबुडा सगळ्यांच्या देखत फुटला.

“माझे मोजे!” शिगेओ ओरडला. “मी सांगत होतो! रात्रभर खिडकीत झोपलो मी! माझी माफी मागा! ताई, तू पहिली!”

“आई, काय केलंस तू हे?” हिसाकोने नाकाला रुमाल लावला. “शेगडीखाली? कोंडा? अगं, मेला असेल तो!”

दारावर टकटक झाली. मालकीणबाई बाहेर गुडघ्यांवर होत्या. “क्षमा असावी. शेजारच्या खोलीतले पाहुणे म्हणतायत… ड्रेनेजचा काही त्रास आहे का?”

“घरगुती आहे,” किनुआजी म्हणाली.

मालकीणबाईंनी वाकून दार लावून घेतलं. दार लावताना त्यांनी श्वास धरल्याचं सगळ्यांना दिसलं.

“फेकून देऊ,” शिगेओ म्हणाला. “बर्फात पुरू.”

“फेकतोस काय! आजीच्या सासूपासूनचा आहे!” हिसाको आता खरंच रडत होती, मोत्यांच्या माळेसकट. “नोबुए, काहीतरी कर!”

आणि नोबुए करणार होती. तिला माहीत होतं काय करायचं. बत्तीस वर्षं झाकणाबाहेरून बघून बघून तिला सगळं माहीत झालं होतं. वरचा चार बोटं थर काढून टाकायचा, खालचा गार भाग वर आणायचा, मूठभर मीठ, नवा कोंडा, थंड जागा. आठवड्यात ताळ्यावर येईल. तिने बाही कोपरापर्यंत वर सारली, गुडघ्यांवर बसली. चिनात्सु म्हणाली, “आई, नको.” नोबुएने ऐकलं, पण समोर कोणी मरत असताना बघत बसायचा तिचा स्वभाव नव्हता, एकदा मीठ फळीवर परत ठेवून ती बघायला गेली नव्हती, ते पुरे होतं. तिने हात पुढे केला.

किनुआजीचा कंगवा तिच्या मनगटावर सपकन बसला.

“हात घालू नकोस.”

“आई, वाचेल तो. खालचा अजून—”

“वाचेल, माहीत आहे. मला काय शिकवतेस? म्हणून तर म्हणते, हात घालू नकोस. एकदा घातलास की मग मरेपर्यंत.”

“म्हणजे…” हिसाकोने रुमाल खाली घेतला. “आई, तू मुद्दाम?”

“साठ वर्षं कोंडा ढवळलेली बाई तो शेगडीखाली चुकून ठेवेल का? तू मला काय समजतेस, टीव्हीवरचा प्राध्यापक?”

खोलीत फक्त बुडबुडा वाजला.

“पण का?” हिसाको म्हणाली. “तुझं आयुष्य होतं ते!”

“म्हणून तर.” किनुआजीने कंगव्यातला केस काढून गुंडाळला. “मला ते लोणचं कधी आवडलं नाही. वास येतो त्याला. सासूने हातात दिलं तेव्हा सासऱ्यांच्या फोटोसमोरच दिलं होतं, तुझ्यासारखीच एक नणंद माळ घालून उभी होती. नाही म्हणायला जागा नव्हती. मग तुमच्या बाबांना आवडायचं. मग कोइचीला. सकाळी दोन वाट्या भात त्याच्यावर खायचा, बोलायचा नाही, पण खायचा. तो होता तोवर मी ढवळत होते. ऑगस्टापासून मी ढवळते, काढते, कापते आणि नोबुए ते शेजारच्या कोंबड्यांना घालते.”

नोबुएचं तोंड उघडं राहिलं. “तुम्हाला माहीत होतं?”

“कोंबड्या आपल्या दारात येऊन बसतात हल्ली. कशाला येतील?”

शिगेओ खोकला की हसला, सांगता येत नाही. किनुआजी आता नोबुएकडे वळली, आणि तिने पहिल्यांदा तिच्या उघड्या हाताकडे नीट बघितलं, जिथे कंगव्याचे दात उमटले होते.

“एप्रिलमध्ये जातेयस ना साकाताला?”

“आई, मी सांगणारच होते…”

“दात काढायला गेलीस त्या दिवसापासून सांगतेयस. तुझी मैत्रीण फोनवर ओरडून बोलते. बंदरावरची माणसं सगळी तशीच. मी बहिरी आहे, पण तेवढी नाही. वरची खोली आहे म्हणे, समुद्राची.”

“हो.”

“हिवाळ्यात वारा लागेल. पडदा जाड घे.”

एवढंच. नोबुएने मान खाली घातली. तिला रडायचं होतं, पण बरणीच्या त्या वासात डोळ्यांत पाणी आधीच होतं, त्यामुळे कुणाला फरक कळला नाही.

भीती आता हिसाकोच्या आणि शिगेओच्या चेहऱ्यावर एकाच वेळी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती दोघं सारखी दिसली.

“मग आई,” शिगेओ म्हणाला, “तू… म्हणजे… ताईकडे चार खोल्या…”

“शिगेकडे अंगण…”

“तुमच्याकडे कोण येतंय?” किनुआजी म्हणाली. “स्टेशनमागच्या वृद्धाश्रमात नाव दिलंय. आठवड्यातून दोनदा मला आंघोळीला नेतात ना तिथे, तेव्हा बघून ठेवलं. पत्ते खेळतात. एक म्हातारा लबाडी करतो, त्याला धडा शिकवायचाय. आणि सकाळी पाव देतात.”

“पाव?”

“पाव. भाजलेला. वर लोणी, स्ट्रॉबेरीचा जॅम. भात नाही, सूप नाही, लोणचं नाही. लग्नाआधी त्सुरुओकाला एका कॅफेत एकदा खाल्ला होता. मग या घरात आले.” तिने कंगवा पिशवीत टाकला. “मला भूक लागलीय. ही बरणी उचला कुणीतरी.”

बरणी उचलली हिसाकोने. तिने मोत्यांची माळ काढून खिशात टाकली, स्वेटरची बाही वर केली, आणि कुणाला काही न विचारता वरचा थर ओंजळीने वर्तमानपत्रावर काढला. नाकाने श्वास न घेता, तोंडाने. तिला लहानपणापासून काय काय करायचं हे माहीत होतं, असं दिसलं. खालचा गार, दाट कोंडा राहिला तेव्हा तिने त्यात मनगटापर्यंत हात घातला आणि तसाच थोडा वेळ ठेवला.

“मी नेते सेंदाईला,” ती म्हणाली. “कुणाला काही म्हणायचंय?”

कुणाला नव्हतं. किनुआजी तेवढी म्हणाली, “रोज घालावा लागतो हात. सुटी नसते.”

“माहीत आहे.”

“मग ने. रुसलीस का?”

“नाही,” हिसाको म्हणाली. मग, कोंडा एकदा तळापासून ढवळून, “हो.”

“तेव्हाच द्यायला हवी होती तुला. पण तेव्हा मला तुझ्यावर राग नव्हता.”

या वाक्याचा अर्थ हिसाकोला परतीच्या अर्ध्या रस्त्यात कळला आणि तिने शिगेओला गाडी थांबवायला लावून कॉफी घेतली.

*

निघण्याआधी किनुआजी कुंडावर आली. गुडघे आता काही म्हणत नव्हते. नोबुएने तिला हात धरून पायऱ्या उतरवल्या, आणि दोघी गळ्यापर्यंत बुडून बसल्या. समोरच्या छपरावरून बर्फाचा एक मोठा लोंढा घसरून धपकन पडला. दोघींनी बघितलं. कोणी खाली नव्हतं.

किनुआजीने उजवा हात पाण्याबाहेर काढला आणि नाकाशी धरला.

“अजून येतोय.”

“गंधकाचा आहे, आई.”

“खोटं बोलतेस.”

“हो,” नोबुए म्हणाली.

आजीने हात परत पाण्यात घातला. “दात काढायला गेलीस तेव्हाही असंच खरं बोलायला हवं होतंस. एवढंच. कळलं असतं.” मग ती पुढे सरकून पाठ करून बसली, आणि नोबुएने पंचा पिळून तिची पाठ घासली. लहान पाठ होती. बत्तीस वर्षांत नोबुएने ती पहिल्यांदाच बघितली.

त्या एप्रिलमध्ये नोबुए साकाताला गेली, किनुआजी स्टेशनमागे. घराला कुलूप लागलं. शेजारच्या कोंबड्या काही दिवस दारात येऊन बसायच्या.

हिसाकोचा कोंडा त्याच जुलैत मेला. ती नवऱ्याबरोबर चार दिवस ओकिनावाला गेली होती आणि नवरा पहिल्यांदाच आजारी पडला नव्हता.

किनु तोगाशी पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या नऊ तारखेला सकाळी वृद्धाश्रमात वारली. वय अठ्ठ्याऐंशी. न्याहारी झालेली होती.